जुनं करून मिळेल

माणूस खोटं बोलणार आहे हे मला तो तोंड उघडण्याआधी कळतं. ही बढाई नाही, माझी नोकरीच तशी आहे. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात बसते. दुकान जळून खाक झालं म्हणून रडत येणाऱ्याने आदल्याच दिवशी चांगला माल मेव्हण्याकडे हलवलेला असतो, हे मला नुसत्या फोटोवरून समजतं. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'एक्स-रे' म्हणतात. तेव्हा खोटं कसं पकडायचं हे ज्या बाईला कळतं, तिला ते कसं रचायचं हेही कळणारच, असा माझा समज होता. या समजापायीच पुढचं सगळं घडलं.

प्रश्न सासूबाईंचा होता. सासू नको असणाऱ्या सुना तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. मला माझी सासू हवी होती आणि तीच यायला तयार नव्हती. जन्मभर शाळेचे गणवेश शिवून त्यांनी संसार ओढला. सासरे गेल्यापासून दुसऱ्या गावात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मध्यंतरी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि कोणाला काही न सांगता तशाच लंगडत मशीन चालवत राहिल्या. आम्हाला शेजारणीकडून कळलं. तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते आणि त्याच दिवशी ठरवलं होतं की आता आई आपल्याकडेच राहणार.

पण त्या आल्या की दोन दिवस राहायच्या आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरायच्या. का, तर म्हणे, "तुमच्या स्वयंपाकघरात मला काही सुचत नाही गं. दवाखान्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. कशाला हात लावला तर नर्स ओरडेल की काय!"

त्यांचंही खरं होतं. आमचं स्वयंपाकघर पांढरंशुभ्र होतं. कपाटं पांढरी, ओटा पांढरा, आणि ड्रॉवर असे की आपण ढकलायच्या आत स्वतःच उसासा टाकून बंद व्हायचे.

मग मला ते कार्ड मिळालं. वर लिहिलं होतं, 'काळ-कलाकार', आणि खाली, 'नवं आणा, जुनं करून मिळेल.' हा गृहस्थ सिनेमा-नाटकांसाठी नवी घरं जुनी करून द्यायचा. गळ्यात मफलर, छातीवर दोरीने लोंबणारा चष्मा, आणि स्वतःबद्दल बोलताना 'मी' हा शब्द त्याला ठाऊकच नव्हता.

"किती जुनं हवं?" त्याने विचारलं.

"असू द्या चाळीसेक वर्षांचं."

"कोणाचं?"

"म्हणजे?"

"ताई, जुनं म्हणजे नुसता रंग उडालेला नव्हे. जुनं म्हणजे कोणीतरी वापरलेलं. कोणी वापरलं? बाई डावरी होती की उजवी? ठेंगणी होती? स्वभावाने कशी?"

"ते तुम्हीच ठरवा. मनापासून करा. फक्त आईंना संशय येता कामा नये."

"कलाकाराचं काम आजवर कोणाच्या लक्षातच आलेलं नाही," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा चेहरा जरा पडला.

संशय का येता कामा नये, तेही सांगते. आपल्यासाठी एवढा खटाटोप केला हे कळलं असतं तर सासूबाईंनी "म्हणजे मी काय अडगळीतली वस्तू?" असं म्हणून पुढची गाडी पकडली असती. म्हणून मी एक बिनतोड थाप रचली. हा फ्लॅट आम्ही दलालामार्फत घेतला होता आणि आधीची माणसं आम्ही कधी पाहिली नव्हती, हे तर खरंच होतं. त्यावर एवढंच जोडायचं, की वरचं पांढरं उखडलं आणि आतून हे जुनं निघालं.

कलाकाराच्या हाती किल्ल्या देऊन नवरा आणि मी सासूबाईंना आणायला गेलो. खूप विनवण्या केल्यावर "महिनाभर बघते, नाही जमलं तर परत," एवढ्यावर त्या शिलाई मशीनसकट यायला तयार झाल्या. वाटेत मी ती थाप त्यांना ऐकवून टाकली.

परत येऊन स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. ओट्याची कड एका जागी गोल झाली होती, कोणीतरी वर्षानुवर्षं तिथे कंबर टेकल्यासारखी. टेबलावर गरम भांड्याचा काळा डाग होता. गॅससमोरच्या फरशीवर दोन फिकट खळगे पडले होते, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पावलांसारखे. आणि खिडकीशेजारी भिंतीवर एका तळहाताचा मळकट ठसा होता. डाव्या हाताचा. सगळं खोटं आहे हे मला माहीत होतं, तरी आपण न विचारता कोणाच्या तरी घरात शिरलो असं वाटून अंगावर काटा आला.

सासूबाई हळूच आत गेल्या. त्यांनी आपला हात त्या ठशावर ठेवला आणि बाहेर पाहिलं. तिथून बरोबर सोसायटीचं गेट दिसत होतं.

"कोण राहत होतं गं इथे?"

"माहीत नाही, आई. दलालाकडून घेतलेला फ्लॅट."

"वाट बघत उभी राहायची बाई," त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज उगाचच खाली आणला होता, आणि नंतर आम्हीही त्या खोलीत तसंच बोलायला लागलो.

तिसरा दिवस उलटला आणि बॅग जागची हलली नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण एका संध्याकाळी कप विसळताना माझं लक्ष पायांकडे गेलं. माझी दोन्ही पावलं त्या खळग्यांत होती. अगदी मापात. शिवाय माझा सगळा भार डाव्या पायावर होता, आणि मी अशी कधीच उभी राहत नाही. मागून नवरा आला, दारात थबकला आणि म्हणाला, "तू आहेस होय! मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही."

त्यानंतर तो स्वयंपाकघरात एकटा पाऊल टाकेना. तसा तो आधीही टाकत नव्हता, पण आता त्याला कारण मिळालं.

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हाताला धरून कोठीच्या दारापाशी नेलं. चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलच्या बारीक रेघा होत्या, एकावर एक, मुलाची उंची मोजून मारतात तशा. गुडघ्याच्या वर सुरू झालेल्या रेघा माझ्या कंबरेपर्यंत आल्या होत्या. शेवटची वाकडी होती. तिच्यावर काही नव्हतं, कोरं लाकूड.

"पहिली-दुसरीतला असेल," सासूबाई म्हणाल्या. "पुढे काय झालं?"

"घर बदललं असेल, आई."

"मग ती खिडकीत उभी राहून कोणाची वाट बघत होती?"

दोन पुरावे जोडून तिसरी गोष्ट सिद्ध करण्याचा मी पगार घेते, पण हे मला सुचलं नव्हतं आणि आता डोक्यातून जाईना. अहो, ठसाही खोटा, रेघाही खोट्या. पण दोन खोट्यांची बेरीज एवढी खरी वाटत होती की मी कलाकाराला तिथल्या तिथे फोन लावला. तो शूटिंगला बाहेरगावी गेला होता.

शनिवारी ऑफिसातून आले तर घरात कसलाच आवाज नव्हता. स्वयंपाकघरातला पंखा तेवढा फिरत होता. कोठीच्या खुंटीवर एक लहानसा पांढरा शर्ट टांगला होता, अर्ध्या बाह्यांचा, कॉलरचा. वाऱ्याने त्याच्या बाह्या हलत होत्या. आत कोणी नसलेला शर्ट एरवी आपण दोरीवर रोज पाहतो. पण हा त्या वाकड्या रेघेच्या बरोबर समोर होता, आणि त्याची कॉलर रेघेच्या जरा खाली, जिथे मान असती तिथे.

"आई, हा कोणाचा?"

"त्याच्या मापाचा आहे," टेबलाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात सुई तशीच होती. "सारखा समोर उभा असतो गं. काहीतरी घालायला नको?"

त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. महिना भरत आला तेव्हा त्यांनी बॅग काढली. "मी जाते. तुमचं काही चुकलं नाही. पण ह्या घरात कोणाचं तरी पोर एवढंसं राहून गेलंय. मला ते बघवत नाही."

मी कपाळावर हात मारला. ज्या स्वयंपाकघरामुळे त्या राहिल्या होत्या, तेच त्यांना घालवत होतं. खरं सांगावं तर अपमान होऊन जाणार, न सांगावं तर दुःखाने जाणार. जायचंच असेल तर निदान हसत नाही तरी रागावून जाऊ देत, रडत नको, असं मी ठरवलं. कलाकार परत आला होता. रविवारी दुपारी त्याला बोलावून टेबलाशी बसवलं आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे बाई नव्हती?"

"नव्हती, आई."

"पोरगं नव्हतं?"

"नव्हतं."

"मग रेघा का थांबल्या?"

आम्ही दोघींनी कलाकाराकडे पाहिलं. त्याने चष्मा पुसला, परत पुसला. "कलाकार खाली बसून रेघा मारत होता. तेवढ्यात चहा आला. चहा घेतल्यावर कलाकार ओट्याच्या कामाला लागला, आणि... राहून गेलं."

"आणि ती वाकडी?"

"चहावाल्याने हाक मारली तेव्हाची."

मला वाटलं आता सासूबाई हसतील, नाहीतर बॅग उचलतील. त्या उठल्या, मशीनवरची पेन्सिल आणली आणि त्याच्यासमोर आपटली. "चहासाठी पोराला अर्ध्यात टाकून गेलात? मी इथे रात्रंदिवस जीव जाळतेय त्याच्यासाठी. उठा. पूर्ण करा."

"पण बाई, तो..."

"उठा म्हणते ना."

कलाकार निमूटपणे चौकटीपाशी गेला. सासूबाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या, शिकाऊ पोरीच्या हातून पहिला गणवेश बेतून घेताना राहायच्या तशा. "एवढं नको. यंदा आजारी होता, कमी वाढला. हां. आता घ्या बोटभर. आता पुन्हा बोटभर. आता एकदम वर जाऊ द्या, आवाज फुटलाय त्याचा." एकेक रेघ वर चढत होती. खोलीत फक्त पेन्सिलची खरखर ऐकू येत होती, आणि मी, खोटं पकडणारी बाई, पुढची रेघ कुठे येते म्हणून श्वास रोखून बघत होते. नवरा दारातून डोकावला. रेघ त्याच्या कपाळाच्या वर गेली होती.

"हा माझ्यापेक्षा उंच झाला," तो जरा दुखावून म्हणाला.

"तो वेळेवर जेवायचा," सासूबाई म्हणाल्या.

कलाकार स्टुलावर चढला होता. मफलरने डोळे पुसत त्याने विचारलं, "आता?"

"आता बास. गेला शिकायला." सासूबाईंनी खुंटीवरचा शर्ट काढला आणि घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

संध्याकाळी मी भीतभीत विचारलं, "आई, बॅग?"

"कसली बॅग? पोरगं लांब गेलंय, ती इथे एकटी. तिला टाकून मी कुठे जाऊ?"

"आई, ती नाहीये. दुपारी सांगितलं ना मी."

"सांगितलंस. ऐकलं मी," त्या म्हणाल्या आणि ओट्याकडे वळल्या.

तर सासूबाई राहिल्या. माझ्यासाठी नाही, स्वतःच्या मुलासाठी नाही, पण राहिल्या. मी तक्रार करत नाही. आता मी रोज संध्याकाळी गेटपाशी आले की वर बघते. आमच्या खिडकीत भिंतीला हात टेकून त्या उभ्या असतात. मी हात हलवते, वरूनही हात हलतो. आपली घरी कोणी वाट बघतंय याचं एवढं सुख असतं हे मला या वयात कळलं, आणि कधीकधी जिना चढताना डोळे भरून येतात.

परवा नवरा आणि मी बरोबरच आलो. तो माझ्या शेजारी स्कूटर लावत होता. मी वर पाहिलं, हात हलवला, वरून हात हलला. इतक्यात मागून कोणीतरी म्हणालं, "आज लवकर आलात?"

सासूबाई होत्या. हातात दोऱ्याच्या रिळांची पिशवी.

"आई, तुम्ही खाली? मग वर..."

त्यांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि हात हलवला. "चला लवकर," त्या म्हणाल्या. "आपण दिसलो की ती चहा टाकते."

आम्ही तिघंही वर गेलो. चहा झालेला होता की नव्हता, हे मी सांगणार नाही. मला उद्या ऑफिसात जायचंय, आणि तिथे मला अजून 'एक्स-रे' म्हणतात.