गाडी हळू करणारे वासुभाऊ

रविवारी सकाळी आमच्या राईस मिलचं फाटक उघडलं की वासुभाऊ निकुरे आधी चपला काढतात, मग गुडघे टेकतात आणि धान वाळवायच्या सिमेंटच्या पटांगणावर ओलं फडकं घेऊन दाणे वेचायला लागतात. साठी उलटलेला माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि भेगेत अडकलेला एकेक दाणा दाभणाने उकरून काढतोय, हे बघून नव्या हमालाला वाटतं की म्हाताऱ्याने काहीतरी नवस बोललाय. मिलमधल्या बायकांना सवय झालीय. शनिवारी संध्याकाळी त्या पटांगण झाडतच नाहीत. उद्या वासुभाऊ येणार आहेत, म्हणतात आणि घरी जातात.

मी या मिलचा मुनीम. वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसतो आणि पोत्यांचा हिशेब ठेवतो. माझं घर मिलला लागून आहे, म्हणून रविवारी फाटक उघडायचं काम मालकाने माझ्या गळ्यात टाकलं. रविवारची झोप गेली ती गेलीच. एकदा वैतागून विचारलं, एका दाण्याने असं काय आभाळ कोसळणार आहे? वासुभाऊ मान वर न करता म्हणाले, "चाकाखाली दाना आला का गाडी पलटते, मुनीमजी. तुमच्या ट्रकले फरक नाई पडत. हे ट्रक नोहे."

ती ट्रक नव्हतीच. हातभर लांबीची, बॅटरीवर पळणारी, रिमोटची रेसची गाडी होती. तिला खेळणं म्हटलेलं वासुभाऊंना खपत नाही. कोणी म्हटलं तर ते त्या माणसाकडे असं बघतात, जणू त्याने त्यांच्या मुलीला नावं ठेवली असावीत.

सिंदेवाहीच्या बाजारात त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. गाड्यांचा नाद लागला तो वानरामुळे. त्यांचा साळा मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवतो. वाघ बघायला आलेल्या कोण्या पाहुण्याने रिसॉर्टच्या रस्त्यावर ही गाडी पळवली, तेवढ्यात वानराने ती उचलली, मोहाच्या झाडावर नेली, चाटून पाहिली आणि खाली सोडून दिली. पाहुण्याने तुकड्यांकडे पाहून हात जोडले. साळ्याने ते तुकडे पिशवीत भरून भाऊजींना आणून दिले, कारण आमच्याकडे मोडलेली कुठलीही बारीक वस्तू शेवटी वासुभाऊंकडेच जाते. महिन्याभरात गाडी उभी राहिली. वासुभाऊ मात्र त्यानंतर माणसांत राहिले नाहीत.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या हौसेला फार मोल आहे. मोटर, बॅटरी, टायर, सगळं बाहेरून मागवायचं, आणि एक भिंत लागली की सगळं पुन्हा मागवायचं. मशीनचा पट्टा बदलून पोट भरणाऱ्याला ते कुठून परवडणार? तेव्हा वासुभाऊंनी घरात हात घातला. स्प्रिंगच्या नळ्यांत मशीनचं तेल आणि एरंडेल मिसळून घातलं. टायर रबरी चपलेच्या तळव्यातून गोल कापले. बायकोची एक चप्पल गेली, मग दुसरी ठेवून तरी काय उपयोग म्हणून तीही गेली. चार्ज होताना बॅटरी पेट घेऊ शकते असं कळल्यावर ती वाळू भरलेल्या माठात ठेवायला लागले. मोटर आणि बॅटरी तेवढी विकत घ्यायची, त्यासाठी विडी सुटली. आणि सगळ्यावर एकच वाक्य. चाक जरा तिरकं का? "सेटिंग पाहा लागते, भाऊ." भाजीत मीठ कमी पडलं, सरपंचाचं सरकार पडलं, कोणाच्या मुलीचं जमता जमता मोडलं, तरी वासुभाऊंचं निदान तेच.

त्यांचं एक स्वप्न होतं. नागपुरात खऱ्या रेसा होतात, गालिच्यासारख्या पट्टीवर, असं त्यांनी ऐकलं होतं. एकदा तिथे आपली गाडी उतरवायची. त्यासाठी तेज मोटर हवी होती आणि त्या मोटरसाठी ते दुकानातल्या एका डब्यात पैसे टाकत असत.

आता रेस म्हटली की दुसरी गाडी हवी. उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्यांनी ती बांधली आणि रिमोट बायकोच्या हातात दिला. शकुंतलाबाई गावातल्या नावाजलेल्या ब्लाऊज शिवणाऱ्या. आमची ही गेली कित्येक वर्षं समजून आहे की लग्नानंतर आपलं वजन वाढलंच नाही, आणि त्याचं श्रेय शकुंतलाबाईंना आहे. बाईंनी कधी कोणा बाईला वाढलेली कमर तोंडावर सांगितली नाही. गुपचूप दोन बोटं ढिलं शिवून दिलं.

या बाईंनी रिमोट हातात घेतला आणि पहिल्याच महिन्यात नवऱ्याला धूळ चारली. मोटरच्या मशीनवर पाय किती दाबायचा हे आयुष्यभर शिकलेल्या बाईला बोटाखालचा खटका किती दाबायचा हे कोणी शिकवावं लागलं नाही. पटांगणावरच्या पट्टीच्या कडा आखायला त्यांनी जुन्या लुगड्यांच्या नळ्या शिवून त्यात धानाचा कोंडा भरला. वळणांना ब्लाऊजच्या मापांची नावं दिली, मोठा गळा, डावा मुंढा, उजवा मुंढा, कमर. "मुंढ्यात घाई केली का कापड वाया जाते," असं म्हणत त्या वळण घ्यायच्या, आणि वासुभाऊ मागून कोंड्यात घुसायचे.

जो हरेल त्याने माझ्या केबिनमधल्या स्टोव्हवर चहा करायचा, असा नियम होता. वासुभाऊंचा चहा म्हणजे कोमट पाप. तो मी वर्षानुवर्षं प्यालो, कारण बाई हरतच नव्हत्या.

मग एका रविवारी चहा चांगला झाला. आलं घातलेलं, साखर बेताची. मी खूश झालो आणि मनात म्हटलं, चला, वासुभाऊंचं सेटिंग लागलं एकदाचं. पुढच्या रविवारीही चांगला झाला, त्याच्या पुढच्याही. फक्त कप अर्धा भरलेला असायचा आणि बशीत तितकाच सांडलेला. मी वर पाहिलं तेव्हा बाई हात पदराखाली घेत होत्या.

त्याआधीच त्यांनी ब्लाऊज घेणं बंद केलं होतं. डोळे साथ देत नाहीत, असं गावाला सांगितलं होतं. डोळे ठीक होते. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. सुईत दोरा जाईना, कुंकू कपाळभर व्हायला लागलं. एका रविवारी त्यांची गाडी भर सरळ रस्त्यावर नागमोडी गेली आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सुई सुटली, कैची सुटली, त्याचं काई नाई. पन ज्या दिवशी माहा हात ह्या गाडीत दिसन ना जी, त्या दिवशी मी पटांगनात येनं सोडीन. मंग खाटच आहे मले."

वासुभाऊंनी दोन्ही रिमोट गोळा केले. गाड्या पिशवीत भरून निघून गेले.

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं ते बघून मला वाटलं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला झाला. जगात ज्याच्याकडे रेसची गाडी आहे तो ती पळवायला बघतो. हे आपली गाडी हळू करत बसले. आधी तिची, मग त्याच बेताने स्वतःची. दातेरी चक्रं बदलली, चाकं बदलली, तेल घट्ट केलं. डब्यातले पैसेही गेले. तेज मोटर आली नाही, त्याऐवजी बाईंसाठी एक नवा भारी रिमोट आला, ज्याला बाजूला बारीक बटणं होती. ती बटणं वासुभाऊ दर रविवारी बाई यायच्या आधी थोडी थोडी दाबायचे. स्वतः मात्र तोच जुना, चिकटपट्टी लावलेला रिमोट वापरत. मी म्हटलं, भाऊ, नागपूरला ही गाडी उतरवली तर लोकांना वाटेल पंक्चर आहे. "सेटिंग पाहा लागते," एवढंच म्हणाले.

आणि बाईंची गाडी सरळ चालायला लागली. दोनही गाड्या बैलगाडीच्या चालीने मुंढ्यातून निघत, पण बाई पुन्हा जिंकायला लागल्या. चहा पुन्हा बिघडला. खोटं कशाला सांगू, तो बेकार चहा पिताना मला फार बरं वाटलं.

बाईंचं रूपच पालटलं. हळदीकुंकवाला, बाजारात, डॉक्टरांपुढे, सगळीकडे त्या सांगायच्या, "घरी तं गिलास बी धरता येत नाई. पन रिमोट धरला का हात थांबते पाहा. आपोआप थांबते." हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. सगळं गेलं तरी एका जागी आपला हात अजून आपला आहे, यावर ती बाई उभी होती.

मी एकदा वासुभाऊंना बाजूला घेऊन विचारलं, मुद्दाम हरता का? ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. आयुष्यात कधी मुद्दाम हरलो नाही म्हणाले, आणि तसं हरलो तर तिला एका वळणात समजेल. खरंच होतं ते. ते जीव तोडून चालवायचे आणि हरायचे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी बाई थकलेल्या दिसल्या. दोन फेऱ्या झाल्यावर खुर्चीत बसूनच मला म्हणाल्या, "मुनीमजी, आज तुमी चालवा. सारे दिवस चहाच पेऊन राह्यले तुमी."

"त्यायले नाई जमत," वासुभाऊ घाईने म्हणाले आणि रिमोट घ्यायला पुढे आले. तोवर बाईंनी तो माझ्या हातात ठेवला होता.

मी खटका दाबला. गाडी निघाली. मोठा गळा आला तसं मी रिमोटवरचं चाक हलकेच वळवलं, जसं कोणीही वळवेल. गाडी सरळ गेली आणि कोंड्यात घुसली. परत आणली, पुन्हा वळवलं, पुन्हा कोंडा. वाटलं, आपण मुनीम माणूस, आपल्याला कसलं जमतंय. तिसऱ्यांदा रागाने चाक पार टोकापर्यंत पिळलं तेव्हा कुठे गाडीने जराशी मान वळवली. मी हसत वासुभाऊंकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

तेव्हा मला कळलं. माझ्या हाताची हालचाल त्या गाडीला कळतच नव्हती. एवढीशी हालचाल तिने मनावर घ्यायचीच नाही, असंच त्या बारीक बटणांनी तिला शिकवलेलं होतं. बाईंचा हात कधी थांबलाच नव्हता.

मी घाईने म्हणालो की मला नाही जमत, माझी बोटं जाड आहेत. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, मग गाडीकडे, मग पुन्हा हाताकडे. जन्मभर लोकांची मापं घेतलेली नजर ती. तिच्यापासून काय लपणार?

"माप बरोबर घेतलं जी तुमी," त्या हळूच नवऱ्याला म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "पन माह्या हाताचं माप मलेच नाई सांगतलं."

वासुभाऊंनी फडक्याने उगाच हात पुसले. सेटिंगचं नाव या वेळी त्यांच्या तोंडून निघालं नाही. "तू कोनत्या बाईले सांगे," ते म्हणाले, "का तुही कमर वाढली म्हनून? चूपचाप दोन बोटं ढिलं शिवे."

 मग बाईंनी माझ्याकडे हात पुढे केला. मी रिमोट दिला. राहिलेली रेस त्यांनी पुरी केली. त्या दिवशी मी पहिल्यांदा गाडी न बघता त्यांचा हात बघितला. तो मनगटापासून हलत होता, बांगड्या वाजत होत्या, आणि पटांगणात गाडी मुंढ्यातून सरळ निघत होती. वासुभाऊ हरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांना वळण दिसलंच नाही.

चहात साखर टाकायची ते विसरले. बशी त्यांनीच बाईंच्या ओठाला लावली. कसा झाला, विचारलं. "बेकार," बाई म्हणाल्या. "पन पुढच्या रविवारी बी तुमालेच कराचा आहे."

तसे रविवार फार आले नाहीत. उन्हाळी धानाचा हंगाम आला, पटांगण भरलं, आणि ते रिकामं होईपर्यंत बाई खाटेवरून उठेनाशा झाल्या. आता त्या नवऱ्याच्या हाताने जेवतात.

वासुभाऊ अजून येतात. दाणे वेचतात, कोंड्याच्या नळ्या मांडतात, दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या असतात. बाईंची गाडी रेघेवर ठेवतात, शेजारी आपली. मग आपली एक फेरी मारून पुन्हा तिच्याशेजारी आणून उभी करतात. घरी गेल्यावर बाईंना काय सांगतात कोण जाणे.

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, आता तरी तुमची गाडी मोकळी सोडा, जोरात पळू द्या. एकदा नागपूरला जाऊन या.

"कायले?" वासुभाऊ म्हणाले. "तिची गाडी मागं राहीन ना."

आणि उठून चहा करायला केबिनमध्ये गेले.