वाढत्या मापाची राणी

"बाबा, चोवीस वर्षांची आहे मी. आता कुठे वाढणार?"

"उंचीत नाही, तर रुंदीत वाढशील," असं म्हणत बाबांनी तिच्या राणीच्या वेशाचा झगा चारी अंगांनी ऐसपैस ठेवला. बाबा टेलर. सगळा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात गेलेला. अंगाला बरोबर बसणारा कपडा म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध उधळपट्टी.

लेक बँकेत कॅशियर. आवडत्या गेममधल्या लढाऊ राणीचा वेश करून ती पहिल्यांदाच कॉस्प्लेच्या स्पर्धेत उतरत होती. व्यायामाची फोमची चटई कापून, रंगवून तिने स्वतः चिलखत केलं होतं आणि ते झग्यावर टाचलं होतं. बक्षीस नाही मिळालं तरी चालेल, पण चारचौघांत हसं होऊ नये, एवढंच बिचारीचं मागणं होतं.

"आणि तिथे गळ्यात टेप घालून येऊ नका हं, बाबा."

"वेडा आहे का मी?" बाबा म्हणाले. स्पर्धेच्या दिवशी ते दुकानातून तसेच उठून आले. टेप अर्थातच गळ्यात होती.

राणी ऐटीत मंचावर आली. तिने तलवार उगारली मात्र, झगा खांद्यांवरून निसटला आणि चिलखतासकट गुडघ्यांशी येऊन थांबला. आतल्या टी-शर्टवरची बँकेची जाहिरात सगळ्यांना स्वच्छ वाचता आली. सभागृहात खसखस पिकली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाबांना ते बघवेना. ते तडक मंचावर चढले, झगा वर ओढला, टाचण्या ओठांत धरल्या आणि सुईत दोरा ओवला.

"हलू नकोस. पोट आत ओढू नकोस, माप चुकतं."

"बाबा, लोक बघताहेत!"

"बघू देत. मागे वळ."

खसखस थांबली आणि टाळ्या सुरू झाल्या. परीक्षक बाई माइक घेऊन पुढे आल्या.

"काका, तुम्ही कोण झालात?"

"टेलर," बाबा टाचण्यांमधून म्हणाले.

"कुठल्या गोष्टीतला?"

"गोष्टीतला कसला, बाई! बाजाराच्या मागे दुकान आहे माझं."

"बघा!" बाई हरखून प्रेक्षकांकडे वळल्या. "पात्र सोडायलाच तयार नाहीत!"

नवख्यांच्या गटातलं पहिलं बक्षीस बाबांना मिळालं. कानामागचा खडू आणि बाहीला चिकटलेले दोरे यांचं तर खास कौतुक झालं. एवढी बारकाई नवख्यांमध्ये दिसत नाही, असं बाई म्हणाल्या. बाबा खरं काय ते सांगायला तोंड उघडत होते, पण लेकीने त्यांचा हात दाबला. ती इतकी हसत होती की नवे टाके उसवायची वेळ आली. सगळं सभागृहही हसत होतं, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

घरी जाताना तिने विचारलं, "पुढच्या वर्षी तुम्ही कोण होणार, बाबा?"

"टेलरच. तू गिऱ्हाईक होऊन ये."

"आणि माझी राणी?"

बाबांनी तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत नजर टाकली.

"झगा जपून ठेव. तोवर बरोबर बसेल."