संदर्भवस्तू

प्रयोगशाळेतलं यंत्र महागडं होतं. फक्त त्याला काही दिसत नव्हतं.

त्याचं काम तसं साधं. जमीन आपणहून अगदी क्षीण सूक्ष्मलहरी सोडत असते. कोरडी असली की जास्त, ओली असली की कमी. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून यंत्रानं समोरच्या टेकडीच्या लहरी मोजायच्या आणि तिच्या पोटात किती पाणी मुरलंय ते सांगायचं. पण यंत्राची स्वतःचीच कुरकुर इतकी, की टेकडीचा आवाज तीत बुडून जाई. टेकडीच्या पायथ्याशी बाहत्तर घरं होती. त्यातल्या एकात, यंत्र सांभाळणाऱ्या इंजिनिअर बाईंची आत्या राहत होती.

बाईंना उपाय ठाऊक होता. यंत्रानं एकदा टेकडीकडे बघायचं, एकदा तापमान तसूभरही न हलणाऱ्या एखाद्या संदर्भवस्तूकडे, आणि दोन्हींतला फरक घ्यायचा. कुरकुर आपोआप वजा होते. त्यांनी तशा वस्तूची मागणी केली. वरून उत्तर आलं, की यंत्राला कमी दिसतं याचा मोजलेला पुरावा जोडावा. तो मोजायला तीच वस्तू लागत होती.

एका दुपारी झाडलोट करताना यंत्राचं तोंड चुकून आतल्या बाजूला, कचेरीच्या खिडकीकडे वळलं. खिडकीत हेडक्लार्क बसले होते. त्यांच्यापुढे एक वयस्कर गृहस्थ आपण जिवंत असल्याचं परोपरीनं पटवून देत होते. यंत्राच्या पडद्यावर सरळ रेघ: हेडक्लार्कांचं तापमान तसूभरही हलत नव्हतं. बाईंनी आगीची घंटा वाजवून पाहिली. रेघ सरळ. हेडक्लार्कांच्या बायकोला फोन करायला लावला. रेघ सरळ.

"मॅडम, लग्नातही ते असेच बसले होते," शिपाई म्हणाला. "मी वरातीत होतो."

हेडक्लार्कांना संदर्भ धरताच यंत्राची संवेदनशीलता दसपट झाली. संचालक हरखले. मात्र नोंद नसलेली वस्तू वापरणं नियमात बसत नाही, म्हणून हेडक्लार्कांना जडवस्तू नोंदवहीत चढवण्यात आलं आणि मानेवर क्रमांक रंगवण्यात आला. त्यांनी हरकत घेतली नाही. रंग वाळेपर्यंत कॉलर तेवढी खाली धरून ठेवली.

चौथ्या दिवशी यंत्रानं स्वच्छ सांगितलं: टेकडी पाण्यानं गच्च भरली आहे, आठ-दहा दिवसांत घसरेल. बाईंनी धोक्याची सूचना टाइप केली आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर लागते ती सही घ्यायला खिडकीशी गेल्या.

"मला सही करता येत नाही," हेडक्लार्क म्हणाले. "मी वस्तू आहे."

"मग तुम्हाला नोंदवहीतून काढते."

"काढा की. पण मग तुमचं मोजमाप अप्रमाणित ठरेल. अप्रमाणित कागदावर मी सही करत नसतो."

बाईंनी आत्याला फोन लावला. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मागच्या वेळी नुसत्या ऐकीव गोष्टीवर लोक घराबाहेर पडले होते आणि परत येऊन बघतात तर कुलपं फुटलेली, हे तिनं शांतपणे सांगितलं.

"तू खोटं बोलत नाहीस गं, मला माहितेय. पण मी एकटी निघाले तर शेजारच्यांना काय तोंड दाखवू? कागद आण. बाहत्तरच्या बाहत्तर घरं घेऊन निघते."

संचालकांनी तातडीनं तोडगा काढला. दुसरी संदर्भवस्तू भरती करायची, म्हणजे हेडक्लार्क पुन्हा माणसांत येतील आणि सही करतील. निवडीची पद्धतही त्यांनीच ठरवली. उमेदवाराला टेकडीची, बाहत्तर घरांची आणि आत्याची हकीकत लेखी द्यायची, आणि तो वाचत असताना यंत्र त्याच्यावर रोखून ठेवायचं. ज्याचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागानंही हलणार नाही, तो पात्र.

ती हकीकत म्हणजे वरचा मजकूर. आपण तो मध्ये एकदा किंचित हसून शेवटपर्यंत वाचलात.

आपली रेघ सरळ आली आहे. अभिनंदन. सोमवारी साडेदहा वाजता रुजू व्हावे. येताना टेकडीखालचा रस्ता टाळावा.