एक साल निघतंय

आमच्या गल्लीत बिराजदार सरांसमोर एक वाक्य बोलायला बंदी आहे. वाक्य साधंच, लातुरात दिवसातून दहा वेळा कानावर पडणारं: "अजून एक साल निघतंय की." चप्पल झिजली, एक साल निघतंय. गच्ची गळते, एक साल निघतंय. निम्मा मराठवाडा या वाक्यावर चालतो आणि तसं काही फार वाईट चाललेलं नाही. पण सरांच्या कानावर ते पडलं की सर हातातला चहा अर्धा ठेवून उठतात आणि घरी जातात. माझ्याकडे असे तीन कप अर्धे राहिले आहेत. तिसऱ्या वेळी तर मी फ्रीजबद्दल बोलत होते.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, सर एका क्लासमध्ये फिजिक्स. आमची घरं समोरासमोर. सकाळी मी स्कूटर बाहेर काढली की सर फाटकातून येतात, नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट वाकून माझ्या मागच्या चाकावर अंगठा फिरवतात आणि निकाल देतात. "मॅडम, गोटा व्हायला लागलंय." टायरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली की आमच्याकडे त्याला गोटा म्हणतात. एकदा नेमके माझे सासरे दारात उभे होते. त्यांच्या डोक्यावर एक केस नाही. ते आठवडाभर सरांशी बोलले नाहीत.

क्लासमधली पोरं त्यांना टायर सर म्हणतात. घर्षणाच्या धड्याला वेळापत्रकात दीड दिवस, सर घेणार सहा दिवस. मुखेड-हदगावकडून डॉक्टर व्हायला आलेली पोरं, घड्याळाच्या काट्यावर झोपणारी आणि उठणारी, त्यांना सर सांगतात, "घर्षणाला नावं ठेवू नका. ते हाय म्हणून तुम्ही बाकावर बसलात, न्हाईतर घसरत औशापर्यंत गेला असतात." क्लासच्या मालकानं तक्रार करून पाहिली. पण त्या धड्यावरचा एकही प्रश्न कुणाचा चुकत नाही म्हटल्यावर तो गप्प बसला.

त्याच मालकाची जुनी गाडी सरांनी घेतली. लातूर पॅटर्नला बरकत आली त्या दिवसांत मालकानं हौसेनं आणलेली लाल स्पोर्ट्स सेडान. बुटकी, रुंद चाकांची. तिला पळवायला गावात रस्ता सापडेना आणि गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं, म्हणून त्यानं ती विकायला काढली. सर तिला चाळीसच्या वर नेत नाहीत. उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली त्यांना ओलांडून गेलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. मी एकदा चिडवलंच, की चाळीसनंच जायचं होतं तर माझी स्कूटर घ्यायची होती. सर म्हणाले, "ही पळती म्हणून घेतलो न्हाई मॅडम. ही थांबती म्हणून घेतलो."

आणखी एक. त्या गाडीत मागे कुणाला बसू देत नाहीत. विचारलं तर, "मागची सीट भरलेली हाय." बघावं तर घडी घातलेली एक सोलापुरी चादर, बाकी काही नाही. आम्हाला एका लग्नाला सोडायचं होतं तेव्हा आधी सासूबाईंना पुढे बसवून नेलं, परत आले, मग मला पुढे बसवून नेलं. लग्नघरात सगळ्यांना वाटलं आमचं भांडण झालंय.

सर एकटेच राहतात. बायको भूकंपात गेली, एवढं गल्लीला माहीत. आमच्या जिल्ह्यात त्यापुढे कुणी विचारत नाही, कारण दर चार घरांमागे एका घरात तेच उत्तर असतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

मग एका श्रावणात सरांनी आपल्याच गाडीच्या टायरवरचे आकडे वाचले. टायरच्या कुशीवर बारीक चार आकडे असतात. पहिले दोन कोणत्या आठवड्यात बनला ते सांगतात, पुढचे दोन कोणत्या साली. सर त्याला टायरची पत्रिका म्हणतात. पत्रिकेत निघालं की टायर सहा वर्षांचे झालेत. नक्षी चांगली शाबूत, कारण गाडी फिरलीच कुठे होती. पण रबर आतून कडक होतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही, असं सरांचं म्हणणं. मेकॅनिकनं चारी चाकं पाहिली आणि कौतुकानं म्हणाला, "सर, अजून एक साल निघतंय की."

सर छत्री तिथंच विसरून घरी आले. त्या दिवसापासून गाडी अंगणात विटांवर चढली आणि सर क्लासला पायी जायला लागले. रोज एकच घोषा, "गणपती उठायच्या आत टायर बसले पाहिजेत." मी विचारलं, विसर्जनाच्या मिरवणुकीत गाडी काढताय का? सर हसले नाहीत.

त्या मापाचे टायर लातुरात मिळेनात. नांदेडच्या एका दुकानात आहेत असं कळलं. माझं माहेर नांदेडचं, गौरीआधी मला जायचंच होतं, म्हणून आम्ही बरोबर निघालो. एसटीनं. स्पोर्ट्स गाडीचे टायर निवडायला एसटीनं जाणारा महाराष्ट्रातला हा एकमेव माणूस असावा. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तसे सर खाली उतरले आणि एकेका चाकाला अंगठा लावत गाडीला फेरी घालू लागले. कंडक्टरला वाटलं तपासणीचे साहेब आले. ड्रायव्हरनं स्वतः चहा आणून दिला. सरांनी तो पूर्ण प्यायला, कारण तिथं कुणी नको ते वाक्य बोललं नाही.

नांदेडचा दुकानदार भला माणूस होता. त्यानं दोन जातींचे टायर काढून ठेवले. एक मऊ, देखणा. दुसरा खोल पन्हळी पाडलेला, आवाज जास्त करणारा, दिसायला साधा. "सर, हा मऊ घ्या. कोरड्या डांबरावर गाडी उडती." सर म्हणाले, "उडायचं न्हाई. भिजलेल्या रस्त्यावर किती फुटात थांबती, ते सांगा." दुकानदार म्हणाला, इतकी वर्षं दुकान चालवतोय, हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. मग सरांनी आपल्या बाटलीतलं पाणी दोन्ही टायरांवर ओतलं आणि खाली बसून कितीतरी वेळ तळहात फिरवत राहिले. गिऱ्हाइकं बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पन्हळीचा पसंत पडला. पत्रिका पाहिली तर दोन नवे, दोन जुन्या मालातले. दुकानदार सहज म्हणाला, "त्याचं काय मनावर घेता, अजून चार साल निघतेत." सर उठले. मी त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं. माहेरचं जेवण सोडून मी रबराच्या वासात दोन तास काढले होते, आणि मला त्या क्षणी सरांचा खरोखर राग आला होता. शेवटी ठरलं: ताज्या मालातले चार आणि स्टेपनीला पाचवा, आठ दिवसांत लातूरला पोचते होतील. दुकानदारानं विचारलं, एवढी घाई कशाची? सर बाहेर रस्त्याकडे बघत होते.

गौरी आटोपून पाचव्या दिवशी मी परत निघाले, तर स्टँडवर सर हजर. माल खरंच निघाला का, हे बघायला पुन्हा आले होते. बसमध्ये मी सरळ विचारलं. म्हटलं, सर, हे टायरचं काय आहे?

लोहा मागे पडलं. मग सर खिडकीकडे तोंड करून बोलायला लागले. तेव्हा ते किल्लारीकडच्या एका गावात शाळेवर होते. थोरल्या भावाची जीप होती. त्या श्रावणात भावानं विचारलं होतं, तू फिजिक्सवाला, टायर बदलू का? "मी अंगठा लावून बघितलो आन् म्हणलो, अजून एक साल निघतंय."

गणपती उठल्यानंतरच्या त्या पहाटे घर पडलं. सरांनी हातांनी दगड काढले. बायको जिवंत होती, शुद्धीवर होती. तिला चादरीत गुंडाळून भावाच्या जीपमध्ये मागे निजवलं आणि स्वतः चालवत लातूरकडे निघाले. पाऊस लागला होता. औशाच्या अलीकडे एका वळणावर गाडी घसरली आणि काळ्या मातीत जाऊन रुतली. रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण आपापली माणसं घेऊन पळत होता. जीप निघायला दीड तास गेला.

"ती बोलत होती मॅडम. मलाच म्हणत होती, गडबड करू नका." मग म्हणाले, "तिचं नाव भूकंपाच्या यादीत हाय. पण ती भूकंपानं गेली न्हाई. दगडातून मी तिला काढलो होतो. ती टायरनं गेली. माझ्या अंगठ्यानं गेली. नाव चुकीच्या यादीत हाय."

इतकी वर्षं ज्या अंगठ्यावर मी हसत होते, तो त्यांनी मुठीत मिटून घेतला होता.

टायर विसर्जनाच्या आदल्या दिवशी आले. सरांनी बॅलन्सिंग तीनदा करून घेतलं. संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले, "परवा सकाळी वेळ हाय का? दरसाल गावाकडं एकटाच जातो. घड्याळ बघावं का रस्ता, कळत न्हाई."

सकाळी सहाला आम्ही त्या गावाच्या जुन्या जागेवर होतो. गाव दुसरीकडे वसलंय. इथं दगड, बाभळी आणि एक उभा राहिलेला दरवाजा. रात्री पाऊस होऊन गेला होता. सरांनी मागचं दार उघडलं, चादर नीट केली, थोडा वेळ थांबले आणि दार हळूच लावलं. मला म्हणाले, आता वेळ मोजा.

चाळीसवाले सर त्या दिवशी ऐंशीनं निघाले. मी दाराची मूठ धरून बसले. औशाच्या अलीकडे ते वळण आलं तसा त्यांनी ब्रेक दाबला. रस्ता ओला होता. गाडी इकडची तिकडे झाली नाही, वळली आणि पुढे गेली. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाटेत एकच वाक्य बोलले, आणि ते मला नव्हतं. "गडबड करत न्हाई."

लातूरच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकात गाडी उभी राहिली. मी घड्याळ बघून म्हटलं, "सर, चव्वेचाळीस मिनिटं."

"पोचलो असतो," सर म्हणाले. मग उतरून त्यांनी मागचं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले.

फाटकावरचा वॉचमन धावत आला. "पेशंट कुठं हाय? स्ट्रेचर आणू का?"

सर चादरीकडेच बघत होते. मीच खाली उतरले आणि म्हटलं, पेशंट नाही हो, टायर नवे बसवलेत, गाडी चालवून बघत होतो. वॉचमनचा जीव भांड्यात पडला. तो वाकला, एका टायरवर हात ठेवून म्हणाला, "मस्त हायेत सर. पाच-सहा साल आरामात निघतेत."

मी घाबरून सरांकडे पाहिलं. सर उठून गेले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "हाव," ते म्हणाले, "आता निघतेत."

मग ते जाऊन स्टिअरिंगवर बसले. मागचं दार तसंच उघडं राहिलं होतं. मी त्यातली चादर सारखी केली, थोडा वेळ थांबले आणि दार हळूच लावलं.