कमरेपर्यंत बटाटे

"यंदा पहिला नंबर आपलाच! लिहून ठेवा!"

गळ्यात टेप अडकवून मास्टर येईल त्या गिऱ्हाइकाला हेच सांगत होते. गिऱ्हाईक बिचारं शर्टाचं बटण लावून घ्यायला आलेलं असायचं. बटण राहायचं बाजूला! मास्टर त्याचा हात धरून त्याला दुकानामागच्या अंगणात न्यायचे आणि पँटी दाखवायचे.

हो, पँटीच. त्याचं असं झालं, प्रत्येक शिंप्याकडे असतं तसं मास्टरांकडेही न नेलेल्या कपड्यांचं एक कपाट होतं. लोक मोठ्या हौसेनं कपडे शिवायला टाकतात आणि मग कुणाची बदली होते, कुणाचं पोट सुटतं, कुणी नुसतंच विसरतं. स्वतःच्या हातची शिवण मास्टरांना टाकवत नव्हती आणि विकवतही नव्हती. अशात भाजीस्पर्धा जाहीर झाली. अट एकच, भाजी जमिनीत लावायची नाही. कुंडीत लावा, डब्यात लावा, पिंपात लावा, पण ज्यात लावाल ते परीक्षकांना दाखवा.

शेजारच्या बेकरीवाल्यानं गच्चीवर पेंढ्याचे गठ्ठे रचले. त्यांना पाणी पाजलं, खत चारलं, आत कुजताना तापलेले गठ्ठे पुन्हा निवू दिले, वर टोमॅटो नि घेवडा लावला आणि मिशीला पीळ दिला. मास्टरांनी कपाट उघडलं.

पँटीचे दोन्ही पाय खालून शिवून टाकायचे, आत बांबू घालून तिला उभी करायची, पायांत माती भरायची आणि बटाटा लावायचा! जादा पाणी कापडातून झिरपून जातं, मुळं कुजत नाहीत. झाड वाढेल तशी वरून माती घालत राहायची. पाय जितका लांब तितके बटाटे जास्त! ही अक्कल मास्टरांनी कुणाकडून उसनी घेतलेली नव्हती, त्यामुळे तिचा अभिमान जरा जास्तच होता. अंगणात हाफ पँटींत पालक हलत होता, ढगळ पायजम्यात वांगी लोंबत होती आणि सगळ्यांच्या मधोमध ती बदामी पँट उभी होती. काय तिची उंची! बेल्टपट्टीतून वर आलेला बटाट्याचा पाला थेट मास्टरांच्या टकलाला गुदगुल्या करायचा.

"अहो, कुणाची आहे ती?" बायकोनं तेव्हाच विचारलं होतं.

"होते एक उंच साहेब. बदलून गेले. आता कसले येतात!"

"आणि आले तर?"

"आले तर बटाट्याची भाजी खाऊ घालू!"

स्पर्धेच्या दिवशी सकाळी साहेब आले.

दारातून वाकून आत शिरले आणि लगेच भिंतीला पाठ लावून उभे राहिले. एक हात मागे, हातात वर्तमानपत्र. "मास्टर, ओळखलंत का?"

शिंपी एक वेळ चेहरा विसरेल, माप विसरत नाही. मास्टरांनी साहेबांच्या पायांकडे पाहिलं आणि मागच्या अंगणाचं दार हळूच लोटून घेतलं.

"आज इथल्या भाजीस्पर्धेचा परीक्षक म्हणून आलोय," साहेब म्हणाले. "बसमधून उतरताना पँट खिळ्याला अडकली. मी खाली उतरलो, पँटीची मागची बाजू बसबरोबर पुढे गेली!"

"ठिगळ लावून देतो ना साहेब! आत्ता, उभ्या उभ्या!"

"परीक्षकाला ठिगळ? अहो, स्टेजवर बसायचंय मला! तयार पँट एकाही दुकानात माझ्या पायाला पुरत नाही. मग आठवलं, माझी एक बदामी पँट तुमच्याकडे राहिलीय. झालीय ना शिवून?"

इथे दुसरा कुणीही सरळ "हरवली हो साहेब" म्हणून मोकळा झाला असता. पण मास्टर पडले मास्टर! त्यांची मान आपोआप ताठ झाली. "साहेब, 'झाली नाही' हे शब्द या दुकानात कुणी ऐकलेले नाहीत. संध्याकाळी या. फक्त इस्त्री फिरवायचीय."

"बस, एवढंच?"

"आणि जरा... झटकून घेतो."

साहेब वर्तमानपत्र सावरत, भिंतीभिंतीनं सरकत निघून गेले. पडद्यामागून बायको बाहेर आली. "झटका आता!"

मास्टर अंगणात जाऊन पँटीसमोर उभे राहिले. पँट द्यावी तर पहिला नंबर जातो, न द्यावी तर इतक्या वर्षांचं नाव जातं. दोन्ही गोष्टी त्यांना जिवापाड प्रिय होत्या आणि दोन्ही एकाच पँटीत होत्या! शेवटी त्यांनी कात्री काढली. पायांची तोंडं उसवली, बांबू काढले, बायकोनं वरून झाड धरलं आणि मास्टरांनी खालून पँट ओढली. एखाद्या हट्टी पोराची ओली पँट काढावी तशी ती इंचाइंचानं निघाली. मातीसकट, बटाट्यांसकट सगळं झाड कपडे धुवायच्या टबात बसवलं.

मग धुणं सुरू झालं. पहिलं पाणी काळं, दुसरं काळं, पुढची मोजायचं बायकोनं सोडून दिलं. वाळवायला वेळ नव्हता, म्हणून मास्टरांनी ओल्या पँटीवरच इस्त्री दाबली. वाफेचे असे लोट उठले की बेकरीवाला गच्चीवरून ओरडला, "मास्टर, काय जळतंय हो?"

"तुम्ही तुमचे पाव बघा!"

संध्याकाळी साहेब पडद्याआड पँट चढवू लागले. बाहेर मास्टर श्वास रोखून उभे.

"मास्टर, मातीचा वास येतोय का हो?"

"कोरं कापड आहे साहेब! पहिल्यांदा येतोच."

"पाय गार पडलेत."

"सुती आहे ना!"

"आणि पोटरीजवळ गुदगुल्या होतायत!"

गांडूळ! मास्टरांना घाम फुटला. "दोऱ्याचं टोक असेल साहेब. चालता चालता पडेल आपोआप!"

पण साहेब बाहेर आले आणि मास्टरांचा घाम जागच्या जागी वाळला. काय बसली होती पँट! साहेबांनी आरशात स्वतःला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाले, "मास्टर, हात आहे तुमचा!" मास्टर आतून फुलून आले. अर्धी लढाई जिंकली होती.

उरलेली अर्धी मागच्या अंगणात होती. परीक्षकांबरोबर सगळे स्पर्धक फिरत होते, बेकरीवाला सर्वांत पुढे. साहेबांनी पँटींची रांग बघून टाळ्याच वाजवल्या. मग ते टबापाशी आले आणि झाड हलकेच उपटून वर धरलं. खोडाला वरपासून खालपर्यंत बटाटेच बटाटे! मोठे, गोल, गुळगुळीत. मास्टरांचे डोळे भरून आले. इतक्या लोकांदेखत, इतके बटाटे!

"असं पीक मी जन्मात पाहिलं नाही," साहेब म्हणाले. "पण हे टबात कसं वाढेल? याला निदान इतकी खोली पाहिजे." आणि त्यांनी हात स्वतःच्या कमरेला लावून दाखवला.

"टबात नव्हतंच साहेब!" बेकरीवाला उसळला. "मी रोज गच्चीवरून बघतो. कुठल्याशा पँटीत होतं. ती दाखवा म्हणावं! ज्यात लावलं ते दाखवलं नाही तर बाद!"

"मास्टर, कुठंय ती पँट?"

बायको मागून खुणा करत होती: फाटली म्हणा, चोरीला गेली म्हणा. तसं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. नाव राहिलं असतं, फक्त पहिला नंबर गेला असता. मास्टरांनी तोंड उघडलं, पण त्यांची नजर पुन्हा त्या बटाट्यांवर पडली. हे बाद? आणि तेही पेंढ्यातल्या टोमॅटोंपुढे? छे!

"साहेब," मास्टर म्हणाले, "ती तुम्ही घातलीय."

साहेबांनी सावकाश मान खाली घातली. पँटीकडे पाहिलं, बटाट्यांकडे पाहिलं, पुन्हा पँटीकडे पाहिलं.

"तरीच!" ते म्हणाले. "तरीच गुदगुल्या!"

मास्टरांनी डोळे मिटून घेतले. आता काय ऐकावं लागणार! पण साहेब हाडाचे परीक्षक होते. त्यांनी मास्टरांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला, एक टोक स्वतःच्या कमरेला धरलं, दुसरं घोट्याशी नेलं. "खोली उत्तम!" मग पायाचं टोक पिळलं. पाण्याचे थेंब पडले. "निचरा उत्तम!"

"पण साहेब, पँट रिकामी आहे!" बेकरीवाला कळवळला.

"रिकामी? मी आहे ना आत! नियम एवढाच की ज्यात लावलं ते हजर पाहिजे. ते हजर आहे. पहिला क्रमांक, मास्टर!"

समारंभात बक्षीस मिळालेली सगळी भांडी स्टेजवर मांडली होती, प्रत्येकावर चिठ्ठी. दुसऱ्या क्रमांकाचा पेंढ्याचा गठ्ठा टोमॅटोंसकट डावीकडे होता. उजवीकडे खुर्चीत साहेब बसले होते आणि त्यांच्या गुडघ्याला टाचणीनं चिठ्ठी लावली होती: 'पहिला क्रमांक'.

मास्टर स्टेजवर चढले तेव्हा त्यांची छाती इतकी फुगली होती की कोटाचं बटण तुटायचंच, पण ते त्यांनी स्वतः लावलेलं होतं! साहेब कप हातात घेऊन उठले, लोकांकडे वळले आणि म्हणाले, "मंडळी, भांडं म्हणून ही पँट अव्वल आहे. पँट म्हणून मात्र... डावा पाय बोटभर आखूड आहे."

सभागृह हसलं. कपाकडे गेलेला मास्टरांचा हात तसाच थांबला.

"आखूड?" मास्टर म्हणाले. "माझ्या हातची पँट? आखूड?"

आणि कप साहेबांच्या हातातच ठेवून, गळ्यातला टेप ओढत, मास्टर भर स्टेजवर साहेबांच्या पायांशी बसले.

"अहो, आधी कप घ्या!" पुढच्या रांगेतून बायको ओरडली.

"कप कुठं पळून जात नाही! आधी माप!"

त्यांनी डावा पाय मोजला. उजवा मोजला. पुन्हा डावा मोजला. आणि मग तिथूनच त्यांनी विजयी आरोळी ठोकली, "डावा बरोबर आहे साहेब! उजवा लांबलाय! उजव्यात बटाटे जास्त लागले होते!"

नेमका त्याच क्षणी फोटो निघाला. त्यात साहेब आहेत, साहेबांच्या हातात कप आहे आणि मास्टरांची फक्त पाठ आहे. मास्टरांनी तो मोठा करून दुकानात लावलाय. कुणी विचारलं, "यात तुम्ही कुठे?" तर मास्टर बोट ठेवतात ते साहेबांच्या पँटीवर आणि म्हणतात, "माझं राहू द्या हो. ही शिवण बघा! कुठे तरी सुटलीय का?"