जावकरावांची इच्छागीतं

पाणीपुरवठा कार्यालयाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त कर्मचाऱ्यांनी संगीत नाटक बसवायचं, असं साहेबांनी सोमवारी सकाळी जाहीर केलं. नाटक कोण लिहिणार, हा प्रश्न निघालाच नाही. सगळ्यांनी एकदम जावकरावांकडे पाहिलं.

जावकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक घालायचं काम ते एकोणीस वर्षं करत होते, आणि टेबलाचं नाव हळूहळू माणसाला चिकटलं होतं. लेखक म्हणून त्यांची सगळी ख्याती एका पाटीवर उभी होती. हात धुवायचा नळ लोक उघडा टाकून जात, म्हणून त्यांनी तिथे दोन यमकी ओळी लावल्या होत्या. नळ त्यानंतरही उघडाच राहत असे, पण ओळी सगळ्यांना पाठ होत्या.

साहेबांना कथानकात रस नव्हता. गावात पाणी येतं, एवढं कथानक पुरे, असं त्यांचं मत पडलं. त्यांना गाणी हवी होती, आणि तीही एका ठरावीक जातीची. त्यांनी कुठेतरी असं नाटक पाहिलं होतं, की ज्यात एकेक पात्र पुढे येतं, बाकीचे दिवे मंद होतात, आणि आपल्याला आयुष्यात काय हवंय ते पात्र गाऊन सांगतं.

"ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, की आपणही उठावं आणि काहीतरी करावं," साहेब म्हणाले. साहेब दिवसाला सरासरी चार वाक्यं बोलत. त्या दिवशीची चारही या कामी खर्ची पडली.

जावकरावांनी संध्याकाळी घरी वही उघडली, वर 'मला हवे आहे' असं लिहिलं आणि तिथेच अडले. त्यांना काहीच नको होतं. खुर्ची होती, टेबल होतं, साडेपाचची बस होती आणि बसमध्ये बहुतेक जागाही मिळत असे. शेवटी त्यांनी बायकोला विचारलं, की अगं, मला मनापासून काय हवं असतं? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पूर्ण होईपर्यंत प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, "तुम्हाला चादर पायाकडून खोचलेली लागते."

त्याचं गाणं होईना. तेव्हा दुसऱ्यांच्या इच्छा गोळा कराव्यात, असं त्यांनी ठरवलं. पण माणसाच्या मनातलं काढून घ्यायचा एकच मार्ग त्यांना ठाऊक होता, आणि तो म्हणजे छापील नमुना. त्यांनी चार रकाने आखले. नाव, हुद्दा, मनापासून काय हवे आहे, ते आजवर का मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकेक प्रत वाटली. नमुना समोर आला की तो भरायचा, ही सवय कार्यालयात इतकी मुरलेली होती, की कशासाठी असं कुणीही विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत सगळे नमुने परत आले, आणि जावकराव ते वाचून थक्क झाले. ड्रायव्हरने लिहिलं होतं, की एकदा जीपमध्ये मागच्या सीटवर बसून जायचं आहे. न मिळण्याचं कारण, 'मागे साहेब असतात.' भांडारपालाला आपलं भांडार एकदा पूर्ण रिकामं झालेलं पाहायचं होतं. टायपिस्टबाईंना कुणीही न सांगितलेलं एक पत्र टाइप करायचं होतं. शिपाईमामांना बेल वाजवायची होती, आणि कंसात त्यांनी 'कुणीतरी आलं पाहिजे' अशी पुरवणी जोडली होती. सगळ्यांत खाली साहेबांचा नमुना होता. तिसऱ्या रकान्यात 'गायचे आहे', चौथ्यात 'आवाज नाही'.

जावकरावांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि नमुने टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवून ते डबा खायला गेले. तो ट्रे जावकचा होता. जेवणानंतर डोळ्यांवर किंचित झापड होती, पण हाताला झापड येत नाही. हाताने नेहमीप्रमाणे शिक्के मारले, क्रमांक घातले, सगळं पाकिटात भरून मुख्य कार्यालयाकडे धाडलं.

चूक त्यांच्या लक्षात आली ती सोमवारी. पण मुख्य कार्यालयात गेलेलं पत्र कुणी वाचल्याचं त्यांच्या एकोणीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. त्यांनी पुढचं पत्र ओढलं आणि त्यावर क्रमांक घातला.

नाटकाच्या तालमी मात्र बघण्यासारख्या होत होत्या. जावकरावांनी ज्याची त्याची इच्छा ज्याच्या त्याच्या तोंडी घातली होती. 'एकदा मागे बसून, खिडकीला टेकून, रस्ता माझा जाताना मला बघू दे' असं ड्रायव्हर गायला लागला, की ऐकता ऐकता पेटीवर बसलेल्या हिशेबनीसांना सूर सापडत नसे. टायपिस्टबाईंच्या गाण्यानंतर तर शेजारच्या इमारतीतल्या विमा एजंटाने म्हणे नोकरी सोडली. साहेब रोज मागे खुर्ची टाकून बसत आणि वेळेआधी उठत नसत.

बाराव्या दिवशी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार करून त्या सर्व मंजूर करण्यात येत असल्याचं त्यात म्हटलं होतं. अंमलबजावणी ताबडतोब करायची होती, आणि पाहणी अधिकारी वर्धापनदिनाला जातीने येऊन खात्री करून घेणार होते.

साहेबांनी जावकरावांना आत बोलावलं. जावकरावांनी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं, ट्रे, डबा, झापड, काही लपवलं नाही. साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

"माझाही गेला?"

"गेला, साहेब."

"म्हणजे तोही मंजूर आहे."

"सर्व मागण्या, असं लिहिलंय साहेब."

साहेबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता, एवढं जावकरावांना कळलं.

मंजूर झालेली गोष्ट न करणं त्या कार्यालयात शक्यच नव्हतं. ड्रायव्हर मागच्या सीटवर बसू लागला. गाडी चालवण्याचा परवाना त्याच्याखेरीज फक्त साहेबांकडे होता, म्हणून साहेब चालवू लागले. ते दुसऱ्या गिअरच्या वर जात नसत आणि उजवीकडे वळायचं टाळत, त्यामुळे पाण्याच्या टाकीवर पोचायला त्यांना डावीकडून अख्ख्या गावाला वळसा घालावा लागे. मागे ड्रायव्हरला मळमळायला लागलं. रस्ता माझा जाताना बघू दे हे सगळं ठीक, पण समोरचं दिसलं नाही की त्याचं डोकं गरगरत असे, हे त्याला इतक्या वर्षांत कळायची सोयच नव्हती.

भांडार रिकामं करायचं म्हणजे माल कुठेतरी ठेवणं आलं. पाइप व्हरांड्यात आले, व्हॉल्व्ह जिन्यावर आले, वॉशरची पोती साहेबांच्या खोलीत रचली गेली. भांडारपाल रिकाम्या भांडाराच्या मधोमध दहा मिनिटं उभा राहिला. मग बाहेर येऊन म्हणाला, की आत श्वाससुद्धा घुमतो, फार बोलल्यासारखं होतं, आणि दाराशी स्टूल टाकून बसला. गावात तीन ठिकाणी गळती लागली होती. दुरुस्तीला लागणारा सांधा कोणत्या पायरीवर आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

टायपिस्टबाईंनी कोरा कागद मशिनला लावला आणि दोन दिवस त्याच्याकडे पाहत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी 'महोदय' एवढं टाइप केलं.

खरी पंचाईत बेलची झाली. शिपाईमामांच्या स्टुलाजवळ बेल बसवली, ती त्यांनी मन लावून वाजवली, पण येणार कोण? दाराशी सगळ्यांत जवळचं टेबल जावकरावांचं होतं. पहिल्या दिवशी ते अठरा वेळा उठले. शिपाईमामांचं काहीच काम नसे. ते आपले सज्जनपणे म्हणत, "काही नाही, आलात ना, बरं वाटलं." जावकराव परत जाऊन बसत, क्रमांक चुकत, आणि पाइपांना अडखळत पुन्हा उठत. साडेपाचची बस तर त्या आठवड्यात त्यांना एकदाही मिळाली नाही.

आणि तालमी ढेपाळल्या त्या ढेपाळल्याच. ड्रायव्हर 'एकदा मागे बसून' म्हणायला उभा राहिला, की त्याला ढवळून येई. भांडारपाल शब्द विसरू लागला. शिपाईमामांनी तर मध्येच थांबून प्रांजळपणे विचारलं, की जे मिळालंय ते मागायचं तरी कसं? मिळालेल्या गोष्टीवर गाणं होत नाही, हे जावकरावांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि नाटक परवावर आलं होतं.

वर्धापनदिनाला पाहणी अधिकारी आले. पाठीत बाक असलेले, मान तिरकी करून सगळं बघणारे गृहस्थ होते. त्यांनी पाइप मोजले, बेल वाजवून पाहिली, जावकराव धावत आले ते पाहिलं, आणि प्रत्येक बाबीपुढे 'पूर्तता' असं लिहिलं. साहेबांच्या नावापुढची जागा तेवढी त्यांनी मोकळी ठेवली. संध्याकाळी ते पहिल्या रांगेत मधोमध बसले. मागे सगळ्यांची घरची माणसं होती.

ड्रायव्हर गायला, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी किती वाजले ते विचारलं. भांडारपालाचं गाणं दुसऱ्या कडव्यात संपलं, कारण तिसरं त्याला आठवलं नाही. टायपिस्टबाई नेमक्या सुरात गायल्या आणि कुणाच्याही लक्षात राहिल्या नाहीत. मग साहेब आले. त्यांनी नमुन्यात काही खोटं लिहिलेलं नव्हतं. आवाज नव्हताच. पण डोळे मिटून, दोन्ही हात विजारीच्या शिवणीला लावून ते तीन कडवी गायले, आणि तेवढा वेळ खोकायची कुणाची छाती झाली नाही. पाहणी अधिकाऱ्यांनी मोकळ्या जागेत 'पूर्तता' लिहून खाली रेघ ओढली.

आता समूहगीत आणि पडदा एवढंच उरलं होतं. जावकराव विंगेत संहिता धरून उभे होते. विंगेतही पाइप होते. एकावर त्यांचा पाय पडला, पाइप गडगडला, आणि जावकराव दोन्ही हात पसरून थेट रंगमंचाच्या मध्यभागी, एकुलत्या एका दिव्याखाली येऊन थांबले. संहिता तिसऱ्या रांगेत जाऊन पडली. हिशेबनीसांना वाटलं हे ठरलेलंच असणार. त्यांनी पेटीवर सूर धरला.

जावकरावांना गुडघा चोळायचा होता. समोर सगळं सभागृह बसलं होतं. आणि त्या क्षणी, एकोणीस वर्षांत प्रथमच, त्यांना मनापासून काहीतरी हवं झालं. ते गायले:

"होतं तसं असू दे सगळं, होतं तसं असू दे,
ज्याची खुर्ची त्याची त्याला, मला माझी दिसू दे."

पुढच्या ओळी त्यांना लिहाव्या लागल्या नाहीत. पाइप भांडारात जाऊ दे, बेल साहेबांपाशी राहू दे, पुढे बसणारा पुढे बसू दे. दुसऱ्या कडव्याला ड्रायव्हर येऊन मिळाला, त्याच्या मागोमाग भांडारपाल, आणि शिपाईमामा तर रडतच आले. तिसऱ्या कडव्याला सभागृह उठून उभं राहिलं. पहिल्या रांगेत पाहणी अधिकारीही उभे होते, मान सरळ करून, आणि लिहीत होते.

आठवड्याने दोन आदेश आले. पहिल्याप्रमाणे गीतात व्यक्त झालेली मागणी मान्य होऊन कार्यालयात सर्व काही पूर्ववत करायचं होतं. दुपारपर्यंत पाइप आत गेले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ नुसताच बसून राहिला.

दुसरा आदेश जावकरावांच्या बदलीचा होता. अशा कर्मचाऱ्याची गरज मुख्य कार्यालयाला अधिक असल्याचं त्यात नमूद होतं.

मुख्य कार्यालय पाच मजली होतं. जावकरावांना चौथ्या मजल्यावर खोली दिली, टेबल दिलं, पेटी दिली. पत्रांना क्रमांक घालायला दुसरा माणूस होता. पहिल्याच दिवशी ते पाहणी अधिकाऱ्यांना जाऊन भेटले आणि मूळ जागी परत जाण्यासाठी अर्ज करता येईल का, असं अदबीने विचारलं.

"येईल की," अधिकारी म्हणाले. "पण चालीत असू द्या. इथे सगळ्यांना तुम्हाला ऐकायचंय."

जावकराव खोलीत आले आणि त्यांनी कागद पुढे ओढला. पहिली ओळ लगेच सुचली. दुसरी तिच्या पाठोपाठ आली. त्यांना आपलं टेबल आठवलं, व्हरांडा आठवला, शिपाईमामांचं 'बरं वाटलं' आठवलं. शुक्रवारी पाचही मजल्यांची माणसं खालच्या दालनात जमली आणि जावकरावांनी अर्ज गायला. शेवटच्या कडव्याला सगळे उभे होते. लेखा विभागातल्या दोघी रुमाल शोधत होत्या. खुद्द मुख्य अधिकारी पुढे आले, त्यांनी जावकरावांचे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.

सोमवारी अर्ज परत आला. नामंजूर झाला होता. कारणाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'गीत उत्तम.'