कबुतराच्या चोचीतलं पिस्तूल

पोलिसांनी जप्त केलेल्या पिस्तुलांच्या पाच पेट्या शिल्पकार मॅडमच्या शेडमध्ये येऊन पडल्या. ती सगळी कापून, जोडून मॅडमना दोन मजली उंचीचं शांतीचं कबूतर करायचं होतं. कापायला आणि जोडायला अर्थातच वेल्डर होता. मॅडम कल्पना करायच्या.

तिसऱ्या पेटीतलं एक पिस्तूल हातात आलं आणि वेल्डरने कटर बंद केला. दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवरचा खटल्याचा नंबर त्याला झोपेतसुद्धा पाठ होता. याच पिस्तुलाने त्याचा धाकटा भाऊ गेला होता. अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर मारणारा सुटला, कारण पिस्तूल निकामी आहे, त्यातून गोळी सुटूच शकत नाही, असा पोलिसांचा अहवाल होता. भाऊ मग काय सर्दीने गेला?

"मॅडम, हे आधी कापतो," तो म्हणाला.

"अजिबात नाही!" मॅडमनी ते उचलून उजेडात धरलं. "मुठीवरचा हा ओरखडा बघ. केवढा बोलका आहे! हे अख्खं चोचीत जाणार."

वेल्डरने मुकाट्याने मान डोलावली. मॅडम जेवायला गेल्या आणि त्याने कटर चालू केला. पिस्तुलाचे अकरा तुकडे केले, वर्षाला एक, आणि कबुतराच्या शेपटीत इकडे तिकडे जोडून टाकले. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी त्याला नीट भूक लागली.

घरी बायकोने सगळं ऐकलं. "बरं केलंस. मेल्याचे तुकडेच व्हायला हवे होते. पण आता चोचीत काय लावणार, तुझं डोकं?"

"तसंच एक बनवतो. पाइप आहे, पत्रा आहे."

"फक्त दिसायला बनव हं. मी ओळखते तुला."

ओळखत होती बिचारी. खिडकीची साधी कडी बसवली तरी हा माणूस ती दहादा उघडून, लावून बघायचा. पिस्तुलाचा चाप नुसताच लटकतोय म्हटल्यावर त्याला घास गिळेना. त्याने चाप नीट केला. मग चाप आहे तर घोडा हवा, घोडा आहे तर स्प्रिंग हवी, आणि एवढं केल्यावर नळी आतून खडबडीत कशी ठेवायची? शेवटी मुठीवर तसाच ओरखडाही काढला. जुनी चिठ्ठी बांधून त्याने ते तारेने चोचीत अडकवलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फौजदार जप्त पिस्तुलांची यादी घेऊन आले. चोचीतलं अख्खं पिस्तूल बघून त्यांनी ते उतरवायला लावलं आणि चाप ओढला. खट्!

फौजदारांचा चेहरा पडला. "हे निकामी होतं. अहवाल मीच लिहिलाय."

"कला जीव ओतते हो," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही जरा गप्प बसा! हे चालत असेल तर तो खटला पुन्हा..."

फौजदारांनी जीभ चावली, पण वेल्डरने ऐकायचं ते ऐकलं होतं. खटला पुन्हा उभा राहणार! डबा घेऊन आलेली बायको दारातच उभी होती. तिने डोळ्यांनी दटावलं, तोंड उघडू नकोस. त्याने उघडलं नाही.

पिस्तूल त्याच दुपारी तज्ज्ञाकडे गेलं. गोळी जाड फळीच्या आरपार गेली.

"साहेब, इतकं गुळगुळीत पिस्तूल आपल्या खात्यातही नाही," तज्ज्ञ म्हणाला. "फक्त एक आहे. रंग अजून बोटाला लागतोय."

फौजदारांच्या जिवात जीव आला. जुना अहवाल शाबूत राहिला, वर विनापरवाना हत्यार बनवणारा आयता सापडला. पिस्तुलाला नवी चिठ्ठी, नवा नंबर मिळाला.

"साहेब, माझ्या भावाला मारणारा सुटला," पंचनाम्यावर सही करताना वेल्डर म्हणाला. "मग मीही सुटेन?"

"कसला सुटतोस! पुरावा फार पक्का बनवलायस रे तू."

तेवढ्यात मॅडम धापा टाकत चौकीत आल्या. "खटला संपला की ते पिस्तूल मला मिळेल ना? उद्या उद्घाटन आहे आणि चोच रिकामी दिसतेय!"

कोपऱ्यात डबा मांडीवर घेऊन बसलेल्या बायकोला आता राहवेना. "दिसू द्या की! आमच्या घरात अकरा वर्षं एक खाट रिकामी आहे. ती बघायला कुणी येत नाही."

फौजदार खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले आणि पर्समधून डायरी काढली.

"ताई," त्या म्हणाल्या, "परत एकदा सांगता? जरा सावकाश."